विश्वाचा वेग खरंच मंदावतोय का? सुपरनोव्हाच्या ‘वया’वरून पेटलेला वाद, सोप्या भाषेत

नोव्हेंबर २०२५ मध्ये मोबाईलवर एक बातमी जोरात फिरली. कुठे हेडिंग होतं ‘विश्वाचा विस्तार मंदावला’, कुठे ‘नोबेल मिळालेला शोध चुकीचा?’, तर काही रील्समध्ये थेट ‘डार्क एनर्जी नाहीच!’ असा निकालच लावून टाकला होता. मूळ संशोधन दक्षिण कोरियातल्या योन्से विद्यापीठाचं. त्याचा मुद्दा तसा साधा आहे: दूरच्या दीर्घिकांची अंतरं मोजायला आपण ज्या फुटणाऱ्या ताऱ्यांचा दिवा म्हणून वापर करतो, ते दिवे सगळीकडे, सगळ्या काळात सारखे नसतील तर?

हा प्रश्न नीट समजला, तर पुढच्या वेळी अशी बातमी आली की तिच्यात खरं किती आणि मीठमसाला किती, हे तुमचं तुम्हालाच कळेल. चला, एकेक पायरी बघूया.

दिव्यावरून अंतर कसं कळतं?

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की समोर समुद्रात खांदेरी बेटावरचं दीपगृह लुकलुकताना दिसतं. हे दीपगृह १८६७ पासूनचं. आजूबाजूला मासेमारीच्या होड्यांचे दिवे असतात. काही ठळक, काही अगदी मिणमिणते.

आता समजा, सगळ्या होड्यांवर एकाच कंपनीचा, एकाच वॉटचा बल्ब लावलाय. मग जो दिवा मंद दिसतो तो लांब, जो ठळक तो जवळ, असं सरळ सांगता येईल. नुसतं लांब-जवळच नाही, तर किती पट लांब हेही सांगता येईल. नियम असा: अंतर दुप्पट झालं की प्रकाश पाव होतो. तिप्पट झालं की नववा हिस्सा. म्हणजे दिव्याची खरी ताकद माहीत असेल आणि आपल्यापर्यंत किती प्रकाश पोचतो ते मोजलं, की अंतर हातात येतं.

खगोलशास्त्रज्ञ अशा ठरलेल्या ताकदीच्या दिव्याला ‘प्रमाण दीप’ म्हणतात. या पद्धतीत एकच धोका आहे. सगळे बल्ब सारखे आहेत हे आपण गृहीत धरलंय. एखाद्या होडीवर कमी वॉटचा बल्ब असेल, तर ती होडी जवळ असूनही आपण तिला लांब समजू. आणि किनाऱ्यावर उभं राहून नुसतं बघून ही गफलत कळणारही नाही.

आजचा सगळा वाद या एका वाक्यावर उभा आहे.

विश्वातला बल्ब: प्रकार १-अ सुपरनोव्हा

आपल्या सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की त्याचं बाहेरचं आवरण निघून जातं आणि आत कार्बन-ऑक्सिजनचा एक घट्ट गोळा उरतो. आकार साधारण पृथ्वीएवढा, वस्तुमान मात्र सूर्याच्या आसपास. याला श्वेत बटू म्हणतात. हिवाळ्यात आकाशात सगळ्यात ठळक दिसतो तो व्याध तारा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या सोबतीला असाच एक श्वेत बटू आहे, फक्त तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

श्वेत बटूचं वजन किती वाढू शकतं याला एक मर्यादा आहे: सूर्याच्या सुमारे १.४ पट. या मर्यादेच्या शोधाची सुरुवात मुंबईहून निघालेल्या एका बोटीवर झाली. जुलै १९३० मध्ये १९ वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर शिक्षणासाठी मुंबईहून इंग्लंडला निघाले आणि प्रवासातच त्यांनी या गणिताला हात घातला. पुढे ही ‘चंद्रशेखर मर्यादा’ म्हणून ओळखली गेली. ताऱ्यांच्या रचनेवरच्या कामासाठी त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं.

श्वेत बटूला जोडीदार तारा असेल तर तो त्याच्याकडून वायू ओढून घेत जड होऊ शकतो, किंवा दोन श्वेत बटू एकमेकांवर आदळू शकतात. एका टप्प्यावर आतला कार्बन पेटतो आणि अख्खा तारा अणुभट्टीसारखा उडून जातो. हाच प्रकार १-अ सुपरनोव्हा. ऐन भरात तो काही अब्ज सूर्यांएवढा प्रकाश देतो. म्हणूनच कोट्यवधी, अब्जावधी प्रकाशवर्षांवरूनही दिसतो.

हा प्रकाश येतो कुठून? स्फोटात किरणोत्सारी निकेल तयार होतं. ते काही दिवसांत कोबाल्टमध्ये आणि काही महिन्यांत लोखंडात बदलतं. या बदलातून निघणारी ऊर्जा मलब्याला तापवत राहते. निकेल जास्त, तर दिवा जास्त प्रखर.

पण दिसलेला स्फोट याच प्रकारचा आहे हे कसं ओळखायचं? प्रत्येक दीपगृहाचा लुकलुकण्याचा ठेका वेगळा असतो, म्हणून खलाशी कुठलं दीपगृह ते ओळखतात. तसंच इथे प्रकाशाचा वर्णपट बघतात. हायड्रोजनची खूण नाही आणि सिलिकॉनची ठळक खूण आहे, म्हणजे हा १-अ.

पण सगळे बल्ब सारखे नाहीत, हे आधीच माहीत होतं

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘सगळे १-अ सुपरनोव्हा अगदी सारखे असतात’ असं शास्त्रज्ञ कधीच डोळे मिटून मानत नव्हते. काही ठळक असतात, काही मंद.

१९९३ मध्ये मार्क फिलिप्स या खगोलशास्त्रज्ञाने एक नियम दाखवून दिला: जो सुपरनोव्हा जास्त प्रखर, तो हळूहळू विझतो. जो मंद, तो पटकन विझतो. म्हणजे विझण्याचा वेग मोजला की बल्ब किती वॉटचा होता याचा अंदाज येतो, आणि त्याप्रमाणे दुरुस्ती करता येते. पुढे रंगावरूनही दुरुस्ती होऊ लागली, कारण वाटेतल्या धुळीमुळे प्रकाश लालसर आणि मंद होतो.

तुमच्या फोनच्या बॅटरीचं उदाहरण घ्या. नवा फोन आणि तीन वर्षं वापरलेला तोच फोन, दोन्ही चार्ज झाल्यावर १०० टक्केच दाखवतात. पण जुन्याची बॅटरी लवकर उतरते. स्क्रीनवरचा आकडा सारखा, आतली ताकद वेगळी. किती वेगाने उतरते ते बघूनच तिची खरी क्षमता कळते. फिलिप्सचा नियम साधारण याच चालीचा आहे.

आता प्रश्न असा: ही दुरुस्ती केल्यावर सगळा फरक निघून जातो का? की काहीतरी शिल्लक राहतं?

१९९८: दिवे अपेक्षेपेक्षा मंद निघाले

१९९० च्या दशकात दोन गट दूरचे सुपरनोव्हा शोधत होते. एकाचं नेतृत्व सॉल पर्लमटर यांच्याकडे, दुसऱ्याचं ब्रायन श्मिट यांच्याकडे, आणि त्या दुसऱ्या गटात ॲडम रीस होते. सगळ्यांची अपेक्षा होती की विश्वाचा विस्तार गुरुत्वाकर्षणामुळे हळूहळू मंदावत असेल. वर फेकलेल्या चेंडूसारखा.

निघालं उलटंच. दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसले. अंतराच्या भाषेत सांगायचं तर सरासरी १० ते १५ टक्के जास्त लांब. याचा अर्थ असा लावला गेला की मधल्या काळात विश्व जास्त वेगाने फुगलं. म्हणजे विस्तार वाढत्या वेगाने होतोय. या वाढीमागच्या अज्ञात कारणाला नाव पडलं ‘डार्क एनर्जी’. २०११ मध्ये या तिघांना नोबेल मिळालं.

आकडा परत बघा: १० ते १५ टक्के. फरक एवढाच आहे. म्हणूनच ‘बल्ब थोडा वेगळा होता का?’ हा प्रश्न किरकोळ नाही. इथे पाच-सात टक्क्यांची गडबडसुद्धा निकालाला धक्का देऊ शकते.

नारळीकरांनीही शंका घेतली होती

हा निष्कर्ष आल्यावर सगळ्यांनी लगेच मान डोलावली असं नाही. पुण्याच्या आयुका या संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर हे त्यातलं एक मोठं नाव. त्यांच्या विज्ञानकथा तुम्ही शाळेत वाचल्या असतील. २००० मध्ये त्यांनी फ्रेड हॉईल, जेफ्री बर्बिज आणि इतर सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी दुसरा अर्थ सुचवला: दूरचे सुपरनोव्हा मंद दिसतात ते वाटेत सुईसारख्या बारीक धातूच्या कणांची धूळ असेल म्हणून. म्हणजे दिवा लांब नाही, मधे धुकं आहे.

बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी हे उत्तर स्वीकारलं नाही. पुढे हबल दुर्बिणीने आणखी दूरचे सुपरनोव्हा पाहिले, तेव्हा ते नुसत्या धुळीच्या हिशोबात बसत नव्हते. पण दिवा मंद दिसला म्हणजे तो लांबच आहे असं मानण्याआधी बाकीची कारणं तपासा, हा नारळीकरांचा आग्रह मात्र योग्यच होता. त्यांचं मे २०२५ मध्ये पुण्यात निधन झालं. त्यानंतर सहाच महिन्यांनी त्याच जातीचा प्रश्न नव्या रूपात परत चर्चेत आला. यावेळी संशय वाटेतल्या धुळीवर नव्हता, खुद्द दिव्यावर होता.

‘वय’ म्हणजे नक्की कोणाचं वय?

इथे बऱ्याच बातम्यांनी गोंधळ घातला. सुपरनोव्हा स्वतः म्हातारा होत नाही. तो काही आठवड्यांत भरात येतो आणि काही महिन्यांत विझतो. ‘वय’ म्हणजे जो तारा फुटला तो जन्मल्यापासून फुटेपर्यंत किती काळ गेला.

हा काळ खूप वेगवेगळा असतो. काही तारे जन्मानंतर काही कोटी वर्षांतच या शेवटाला पोचतात, काहींना कित्येक अब्ज वर्षं लागतात.

आता गंमत बघा. आकाशात दूर बघणं म्हणजे भूतकाळात बघणं. समजा एखाद्या सुपरनोव्हाचा प्रकाश जवळपास ८ अब्ज वर्षांपूर्वी निघाला. विश्वाचं आजचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं. म्हणजे तो स्फोट झाला तेव्हा अख्ख्या विश्वाचंच वय ६ अब्ज वर्षांच्या आसपास होतं. मग त्यात फुटलेला तारा १० अब्ज वर्षांचा असणं शक्यच नाही! तो तरुणच असणार.

उलट आपल्या शेजारच्या दीर्घिकांमध्ये तरुण आणि म्हातारे दोन्ही प्रकारचे तारे फुटतात. म्हणजे जवळच्या सुपरनोव्हांचं सरासरी वय जास्त, लांबच्यांचं कमी. इथपर्यंत कोणाचाच वाद नाही.

वाद इथून पुढे सुरू होतो: तरुण ताऱ्याच्या आणि म्हाताऱ्या ताऱ्याच्या स्फोटाची ताकद, सगळ्या दुरुस्त्या केल्यानंतरही, वेगळी राहते का?

कोरियन गटाचं म्हणणं काय?

यंग-वूक ली आणि त्यांचे सहकारी या प्रश्नामागे बरीच वर्षं लागलेत. २०२० मध्ये त्यांचा एक निबंध आला होता. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ‘मंथली नोटिसेस’ या पत्रिकेत नवा निबंध आला. यावेळी त्यांनी सुपरनोव्हा झालेल्या सुमारे ३०० दीर्घिकांमधल्या ताऱ्यांचं वय काढलं.

त्यांना दिसलं ते असं: विझण्याच्या वेगाची आणि रंगाची दुरुस्ती केल्यानंतरही, तरुण ताऱ्यांच्या दीर्घिकेतले सुपरनोव्हा किंचित मंद आणि जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिकेतले किंचित ठळक राहतात. फरक साधारण दर अब्ज वर्षांमागे ३ टक्के प्रकाशाचा.

तीन टक्के ऐकायला कमी वाटतं. पण हिशोब करून बघू. जवळच्या आणि खूप दूरच्या सुपरनोव्हांच्या सरासरी वयात ५ अब्ज वर्षांचा फरक धरला, तर प्रकाशात फरक पडतो सुमारे १५ टक्के. दिवा १५ टक्के कमी ताकदीचा असेल आणि आपल्याला ते माहीत नसेल, तर आपण त्याला सुमारे ८ टक्के जास्त लांब समजू. आता १९९८ चा आकडा आठवा: १० ते १५ टक्के. दोन्ही हिशोब अगदी एकाच अंतरावरच्या सुपरनोव्हांचे नाहीत, त्यामुळे थेट वजाबाकी करता येणार नाही. पण दुर्लक्ष करण्याइतका छोटा आकडाही नाही हे, एवढं नक्की.

या गटाने वयाची दुरुस्ती करून नवा हिशोब मांडला आणि निष्कर्ष काढला: विश्वाचा विस्तार पूर्वी वेगाने वाढत होता, पण आत्ता तो वाढत नाहीये, उलट मंदावायला लागलाय. लक्षात घ्या, ‘डार्क एनर्जी नाही’ असं ते म्हणत नाहीत. डार्क एनर्जी आहे, पण काळानुसार तिची ताकद कमी होतेय, असं त्यांचं म्हणणं आहे. रील्सनी हाच भाग गाळला.

या दाव्याला एक आधारही आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये ‘डेसी’ नावाचा प्रकल्प दीर्घिकांचा नकाशा बनवतोय. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार यांची माहिती वापरून सांगितलं की डार्क एनर्जी बदलत असावी असा इशारा मिळतोय. डेसीची मोजपट्टी दिव्यांची नाही. दीर्घिकांच्या पसाऱ्यात एक ठरावीक अंतर पुन्हा पुन्हा दिसतं, ते अंतर हीच त्यांची पट्टी. पण त्यांचाही इशारा अजून शोध म्हणण्याइतका पक्का झालेला नाही, आणि तो किती ठाम दिसतो हे त्यात सुपरनोव्हांची कुठली यादी जोडली यावर अवलंबून आहे.

मग बाकीचे शास्त्रज्ञ का मान्य करत नाहीत?

आक्षेप मुख्यतः तीन आहेत, आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला: दीर्घिकेचं वय म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचं वय नव्हे. एखाद्या गावाचं सरासरी वय ४५ असलं म्हणून तुम्हाला तिथे भेटलेला माणूस ४५ चाच असेल असं नाही. दीर्घिकेत अब्जावधी तारे असतात, त्यातला नेमका कुठला फुटला त्याचा जन्मदाखला कोणाकडे नाही.

दुसरा: यातली काही दुरुस्ती आधीच केली जाते. २०१० च्या सुमारास लक्षात आलं होतं की जड दीर्घिकांमधले सुपरनोव्हा थोडे ठळक असतात. तेव्हापासून दीर्घिकेच्या वस्तुमानानुसार दुरुस्ती होते. जड दीर्घिका बहुधा जुन्या ताऱ्यांच्या असतात, त्यामुळे वयाचा परिणाम त्यात बराचसा येऊन गेला असणार. आता वयाची दुरुस्ती वेगळी केली तर एकच रक्कम दोनदा वजा केल्यासारखं होईल. यावर कोरियन गटाचं उत्तर: वस्तुमानाची दुरुस्ती काळानुसार बदलणारं वय पकडत नाही.

तिसरा: वाढत्या वेगाचा पुरावा फक्त सुपरनोव्हांवर उभा नाही. विश्वाच्या बालपणी निघालेली सूक्ष्मलहरींची प्रारणं आणि दीर्घिकांचे नकाशे यांचा एकत्र हिशोब मांडला तरी डार्क एनर्जी लागतेच. २०२० मध्येच बेंजामिन रोझ आणि सहकाऱ्यांनी त्या वेळच्या दाव्याला उत्तर देताना दाखवलं होतं की वयाचा परिणाम धरूनही वाढत्या वेगाचा पुरावा टिकतो.

थोडक्यात, ‘नोबेल चुकीचं ठरलं’ हे आत्ता म्हणता येत नाही. आणि ‘सगळं ठीक आहे, वयाचा काही संबंध नाही’ हेही नाही.

अशा भांडणाचा निकाल कसा लागतो? अलिबागला विचारा

मोजमाप बदललं की मोजणारं साधन बदललं, हा प्रश्न नवा नाही. रायगडच्या किनाऱ्यावर याचं एक सुंदर उदाहरण सव्वाशे वर्षांपासून उभं आहे: अलिबागची चुंबकीय वेधशाळा.

मुंबईच्या कुलाब्याला १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने नाजूक चुंबकीय उपकरणं बिघडली असती. आकडे हलले असते, पण पृथ्वी हलली की ट्राम गेली, हे कळलं नसतं. म्हणून वेधशाळा अलिबागला हलवायचं ठरलं.

पण तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी एका जागेचं काम बंद करून दुसऱ्या जागी सुरू केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे दोन ठिकाणच्या आकड्यांत नेमका किती फरक पडतो ते कळलं, आणि जुनी व नवी मालिका एकमेकींना जोडता आली. आज ही वेधशाळा नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते, आणि कुलाबा-अलिबागची ही नोंद जगातल्या सर्वात लांब चुंबकीय नोंदींपैकी एक मानली जाते. ती दोन वर्षं वाचवली असती, तर हा धागा तिथेच तुटला असता.

सुपरनोव्हांच्या वादातही हेच करायचंय. दोन दिवे वेगळ्या अंतरावर ठेवून तुलना करू नका. एकाच अंतरावरचा तरुण आणि म्हातारा दिवा शेजारी शेजारी ठेवा आणि बघा फरक पडतो का. किंवा उलट करा: जवळचे आणि लांबचे, पण सगळे तरुणच दिवे निवडा. मग वयाचा प्रश्नच उरत नाही. त्यातही लांबचे मंद दिसले तर ते खरंच लांब आहेत. कोरियन गटही ही दुसरी चाचणी करतोय. अडचण एकच, अशी निवड करायची तर आधी खूप म्हणजे खूपच सुपरनोव्हा हाताशी हवेत.

आता पुढे काय? ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा

तुमच्या फोनचा कॅमेरा ५० किंवा फार तर २०० मेगापिक्सेलचा असेल. चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचा कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा आहे. जून २०२५ मध्ये तिथली पहिली चित्रं प्रसिद्ध झाली. ही दुर्बीण दक्षिणेकडचं आकाश दहा वर्षं पुन्हा पुन्हा टिपणार आहे, आणि आधीच्या फोटोत नसलेलं काही दिसलं की लगेच अलर्ट पाठवणार आहे, अगदी तुमच्या नोटिफिकेशनसारखा. कोरियन गटाच्या अंदाजाप्रमाणे पाच वर्षांत यातून सुपरनोव्हा झालेल्या २०,००० हून जास्त नव्या दीर्घिका मिळतील. कुठे ३०० आणि कुठे २०,०००! एवढे नमुने मिळाले की वयानुसार गट पाडून तुलना करणं शक्य होईल.

यात आपल्याकडचेही लोक आहेत. लडाखमध्ये हानले इथे ‘ग्रोथ-इंडिया’ नावाची ७० सेंटीमीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे. मुंबईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून ती चालवतात. आकाशात अचानक उजळणाऱ्या गोष्टींचा पाठलाग करणं हेच तिचं काम.

आणि एक साधन असं आहे ज्याला दिव्याची गरजच नाही. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत आदळले की गुरुत्वीय लहरी निघतात. त्या लहरींच्या आकारावरूनच टकरीची खरी ताकद कळते, त्यामुळे अंतर थेट निघतं. तारा तरुण होता की म्हातारा, हे विचारावंच लागत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशी एक टक्कर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर सापडली आणि पद्धत चालते हे सिद्ध झालं. अशा लहरी पकडणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात होतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. सुपरनोव्हा जितक्या लांबून दिसतात तितक्या लांबचं हे साधन अजून बघू शकत नाही. पण मोजणीची दुसरी, स्वतंत्र पट्टी हाताशी असणं हीच मोठी गोष्ट आहे.

पुढची बातमी वाचताना हे तीन प्रश्न विचारा

१. कोणती पट्टी वापरली? दिवा, दीर्घिकांचा नकाशा की गुरुत्वीय लहरी? एकाच पट्टीवरचा निष्कर्ष असेल तर जरा थांबा.

२. कोणती दुरुस्ती केली, आणि ती आधी कोणी केली होती का? हेडिंगमध्ये हे कधीच नसतं, पण खरी बातमी तिथेच असते.

३. किती नमुने? ३०० वरून आलेला इशारा महत्त्वाचा असतो. निकाल लागायला मात्र हजारो लागतात.

स्वतः बघायचं असेल तर ‘ट्रान्झिएंट नेम सर्व्हर’ या संकेतस्थळावर जा. जगभरात नव्याने सापडणाऱ्या सुपरनोव्हांची नोंद तिथे होते आणि ती फोनवरूनही बघता येते. यादीत एखाद्या नावापुढे ‘१-अ’ असा प्रकार दिसला, की समजा, विश्वाच्या मोजपट्टीवर आणखी एक दिवा लागलाय. तो तरुण घरचा की म्हाताऱ्या घरचा, हे मात्र अजून कोणीतरी तपासायचं बाकी असेल.